ओव्हरफ्लोची पट्टी, आगाऊ रक्कम आणि गेलेले १०,४४८ रुपये

समुद्री मत्स्यटाकीच्या ओव्हरफ्लो बॉक्समध्ये, म्हणजे वरचे पाणी वाहून नेणाऱ्या कप्प्यात, मासे जाऊ नयेत म्हणून ‘तुमच्या मापाची अ‍ॅक्रिलिक पट्टी कापून देतो’ असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्या समाजमाध्यमांवरील विक्रेत्यांपासून सावध राहा. माझे १०,४४८ रुपये गेले. ते कसे गेले हे सविस्तर लिहीत आहे, कारण ज्याचा मासा नुकताच त्या बॉक्समध्ये मरून पडला आहे, नेमके असेच गिऱ्हाईक हे लोक शोधत असतात.

टाकी ठेवणाऱ्यांना हा त्रास ठाऊक आहे. पृष्ठभागावरचे पाणी बॉक्सच्या कडेला कापलेल्या दात्यांमधून आत पडते, तिथून पाइपने खाली सम्पमध्ये (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) जाते, आणि एखादा सडपातळ मासा त्या ओढीबरोबर आत गेला की बॉक्समधली पातळी खाली असल्यामुळे त्याला परत येता येत नाही. माझ्या टाकीच्या दात्यांमधल्या फटी कापणाऱ्याने मुळातच रुंद ठेवल्या आहेत. माझा फायरफिश नावाचा सडपातळ मासा त्यांतून आत गेला आणि स्टँडपाइप (पाणी खाली नेणारा उभा पाइप) व काच यांच्या बेचक्यात अडकला. तिथे हात पोहोचत नव्हता, जाळी वळत नव्हती. त्याला बाहेर काढेपर्यंत त्याचे कल्ले हलायचे थांबले होते. पुण्यातील दुकानांत पंप, दिवे, मीठ सारे मिळाले, पण दात्यांवर बसणारी सुटी पट्टी कोणाकडेच नव्हती.

अशा वेळी हा विक्रेता सापडला. त्याच्या पानावर हजारो फॉलोअर होते आणि फोनवर तो जाणकारासारखा बोलत होता. बारीक जाळीवर शेवाळ धरते, पाणी तुंबते, टाकीची पातळी चढते आणि शेवटी पाणी जमिनीवर येते, म्हणून ६ मिलिमीटरच्या उभ्या फटीच हव्यात, हे त्याने मला न विचारता सांगितले. यातले एकही वाक्य चुकीचे नव्हते. जो माणूस इतके बरोबर बोलतो त्याच्यावर संशय कोणी आणि का घ्यावा, हे मला आजही कोणी समजावून सांगावे.

मात्र एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही. मी बॉक्सची लांबी ४० सेंटिमीटर कळवली, त्याने ‘ओके मॅडम’ लिहिले आणि लगेच पिनकोड मागितला. त्याने काचेची जाडी विचारली नाही! जी पट्टी काचेच्या कडेवर खाचेने बसायची आहे, तिची खाच १० मिलिमीटरची हवी की १२ ची, हे विचारल्याशिवाय कोणताही कारागीर अ‍ॅक्रिलिकला करवत लावू शकत नाही. दाते किती उंच आणि पाणी कुठवर असते, हेही त्याने विचारले नाही. तो संदेश मी कितीदा तरी उघडून पाहिला आहे. त्या एका ओळीत सगळे दिसत होते. पण उरलेले मासे त्याच बॉक्सशेजारी पोहत असताना माणूस पट्टी कधी येईल एवढेच बघतो.

आधी ३,४५० रुपये आगाऊ घेतले. नंतर कुरिअरच्या विम्यासाठी ‘परत मिळणारी’ अनामत म्हणून १,९९९ घेतले. कोणतीही कुरिअर कंपनी गिऱ्हाइकाकडून अशी अनामत मागत नाही. मी व्यवहार रद्द करा म्हटल्यावर त्याने परताव्याचा पहिला हप्ता म्हणून ४,९९९ चा क्यूआर कोड पाठवला आणि फोन चालू ठेवून घाईघाईत पिन टाकायला लावला. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. हे घरातल्या प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगा.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, असे सगळीकडे लिहिलेले असते. मी केला, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रारही नोंदवली. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे व्यवहार अधिकृत ठरतो. समोरचे खाते गोठवायचे तर पोलिसांचे पत्र आणा. पोलीस ठाण्यात सांगितले की पत्र सायबर शाखा देईल. सायबर शाखेने रक्कम ऐकून पुन्हा ठाण्यात पाठवले. तिथे ‘ताई, माशांसाठी एवढे पैसे घालवायचे कशाला?’ असे मला ऐकवण्यात आले. पैसे कशासाठी दिले यावर गुन्हा ठरतो का? भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीबद्दल आहे, त्यात वस्तू कोणती असावी हे लिहिलेले नाही. समोरचे खाते परराज्यातले आहे, म्हणून तिकडे जा, असाही सल्ला मिळाला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. ही गोष्ट तक्रार घेऊन आलेल्या बाईने ठाणे अंमलदारांना सांगावी लागते, याचा मला संताप येतो. व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर (व्यवहाराची ओळख पटवणारा) क्रमांक आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, कारण विक्रेता तुम्हाला ब्लॉक करतो आणि पान नाहीसे होते.

पट्टीची गरज खरी आहे, म्हणून हेही लिहिते. भरतकामाची जाड प्लास्टिक जाळी कापून दात्यांच्या आतल्या बाजूने केबल टायने बांधली की काम होते. दर आठवड्याला ती जुन्या ब्रशने घासा. तांब्याची किंवा जस्त चढवलेली जाळी चुकूनही लावू नका, प्रवाळ आणि कोळंबी मरतील. बॉक्स वरूनही झाका, घाबरलेला फायरफिश दाते ओलांडून उडी मारतो. ज्याला पट्टी बनवून घ्यायचीच आहे, त्याने कारागिराला स्वतःची काच दाखवावी आणि पैसे वस्तू हातात आल्यावरच द्यावेत.

माझी तक्रार पोर्टलवर आजही ‘प्रक्रियेत’ आहे. त्या विक्रेत्याच्या जाहिरातीचा व्हिडिओ आता दुसऱ्या नावाच्या पानावर फिरतो आहे: निळ्या पाठीची टाकी, पांढरी पट्टी, डाव्या कोपऱ्यात दोन क्लाउनफिश. तो दिसला तर पैसे पाठवू नका, त्या पानाची तक्रार करा आणि विक्रेत्याचा यूपीआय आयडी पोर्टलवर नोंदवा.