आठ महिने माउसशिवाय: साइटने शॉर्टकट द्यावेत का?

नजर अधू होत गेली तसा स्क्रीनवरचा बाण सापडेना, म्हणून आठ महिन्यांपूर्वी एनव्हीडीए घेतलं, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. घेतलं म्हणजे फुकटच. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली सुरू केलेला हा स्क्रीनरीडर आजही मोफत आहे. मराठीही वाचतो. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण कान सरावतात.

खरं सुख एकेका अक्षरात आहे. एच दाबलं की पुढचं शीर्षक, के म्हणजे लिंक, बी म्हणजे बटण, टी म्हणजे तक्ता. मथळे शीर्षक म्हणून नीट मांडलेले असतील तर एच-एच करत बातम्यांचं पान चहा निवायच्या आत चाळून होतं. त्यात साइटचा शॉर्टकट एकही नाही.

साइटने शॉर्टकट म्हणून स्वतःची अक्षरं ठेवली की गोची होते. ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे पान नुसतं वाचत फिरताना, ती एनव्हीडीएच गिळतो. इन्सर्ट-एफ२ दाबून पुढची कळ थेट साइटला देता येते, पण मग तो शॉर्टकट कसला! फोकस मोडमध्ये, म्हणजे टाइप करताना, उलटं: कळा थेट साइटकडे जातात. ऑफिसच्या एका पोर्टलवर शोधाच्या चौकटीत आहे असं समजून मी टाइप करत सुटले, आणि होते चौकटीबाहेर. प्रत्येक अक्षर शॉर्टकट ठरलं, तीन अर्ज भलत्याच फोल्डरात. बोलून टाइप करणाऱ्यांवरही हीच वेळ येते.

वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीच्या २०१८च्या २.१ आवृत्तीत यावर नियम आहे, तोही सगळ्यात प्राथमिक पातळीचा: एकअक्षरी शॉर्टकट बंद करता यावा, बदलता यावा, नाहीतर पानावरच्या ज्या घटकाचा तो आहे त्यावर फोकस असेल, म्हणजे आपण त्यावर असू, तेव्हाच चालावा. जीमेलमध्ये ते मुळातच बंद असतात, हवे त्याने सेटिंगमधून चालू करावेत. मला हेच पटतं.

आपली आणखी एक अडचण. इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असेल तर के-च्या कळीवर ‘क’ उमटतो, जे-वर ‘र’. साइट इंग्रजी अक्षराची वाट बघत असली तर बसा दाबत.

विकिपीडियावर फायरफॉक्समधून ऑल्ट-शिफ्ट-एफ मात्र रोज वापरते, थेट शोधात नेतं. पण प्रत्येक साइटची अशी वेगळी बाराखडी कोण पाठ करणार?

पोर्टलवाल्यांना मेल केला होता. दोन महिन्यांनी शॉर्टकट बंद करायचा चेकबॉक्स आला, पार पानाच्या तळाशी. एक्स म्हणजे पुढचा चेकबॉक्स, ते दाबून सापडला. ते अक्षरही एनव्हीडीएचंच.