मराठा पलटणीचा जवान उभा करताना: अस्सल सामान की नक्कल?

रीएनॅक्टमेंटसाठी, म्हणजे जुनी लढाई त्या काळच्या वेशात पुन्हा उभी करायच्या छंदासाठी, दुसऱ्या महायुद्धातला इटलीतला मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान उभा करायचा, तर आधी कुठली लढाई ते ठरवा. नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो टायबर खोऱ्यातल्या १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी, नामदेव जाधव यांना सेनिओ नदीवरच्या ९ एप्रिल १९४५ च्या. घाडग्यांच्या उन्हाळ्याला सुती खाकी, जाधवांच्या वेळेला लोकरी बॅटलड्रेस. कपडे सरळ नक्कलच घ्या. अस्सल गणवेश आजच्या धिप्पाड अंगाला बसत नाहीत. बसलाच, तर त्याला कसर लागलेली असते. आणि ऐंशी वर्षांचं कापड चिखलात लोळवायला आपलाच हात धजत नाही.

वेबिंगचं, म्हणजे सामान अडकवायच्या जाड सुती पट्ट्यांचं, मात्र उलटं. १९३७ पॅटर्नचे पट्टे आणि पाऊच युद्धानंतरही बरीच वर्षं वापरात होते, म्हणून अस्सल माल अजून मिळतो. आतल्या बाजूचा शिक्का बघा: कारखाना, साल, बाणाची खूण. १९५२ चा पट्टा ब्लँको (पट्ट्यांना फासायचा रंगलेप) फासल्यावर चार पावलांवरून ओळखू येत नाही. काटेकोर मंडळी तो उलटून बघणारच, त्याला इलाज नाही. युद्धकाळात हिंदुस्थानात बनलेला, जरा सैल विणीचा संच हाती लागला तर सोडू नका. आपल्या जवानाला तोच शोभतो.

माझा पहिला संच नकली होता. पाऊचच्या पाठीला कमरपट्ट्यात अडकणारे दोन पितळी हूक असतात. ब्रेन गनची (हलक्या मशीनगनची) मॅगझिनं भरून पहिल्यांदा धावलो आणि डावीकडचे दोन्ही हूक सरळ झाले. पाऊच खांद्याच्या पट्ट्याला लोंबकळत मांडीवर आपटू लागला. पितळ कसलं, मुलामा दिलेला पत्रा! गंमत म्हणजे असा बराचसा नकली माल हल्ली भारतातच बनतो. त्यातही चांगला असतो, पण हूक बोटांनी वाकवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

हेल्मेटचा टोप अस्सल, आतलं अस्तर नवं. बूट नवेच, जुनं चामडं तडकतं. तळाला खिळे आणि टाचेला नाल हवीच, फक्त गुळगुळीत फरशीवर जपून. जुन्या बाटलीचं एनॅमल उडून आत गंज धरलेला असतो, तेव्हा ती पट्ट्याला लटकवा आणि पाणी दुसरीतून प्या.

रायफल सगळ्यात शेवटी. ब्रिटनमध्ये निकामी केलेली अस्सल रायफल घेताना प्रमाणपत्र मागून घ्या. धावण्या-पडण्याला रबरी पुरते.