कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं जुन्या पुस्तकांचं दुकान
गेलतो पोराच्या एमपीएससीच्या गाईडसाठी, आणि खालच्या फळीवर आगरकरांच्या निबंधांचा जुना खंड दिसला, पाठीचं कापड सुटलेलं, आत कुणीतरी पेन्सिलीनं रेघा मारलेल्या. १८८८ ला 'सुधारक' हे वर्तमानपत्र काढून माणसाला स्वतःच्या बुद्धीनं वागू द्या म्हणत भांडला हा माणूस, जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज विचारवंत कोळून प्यालेला, आणि लोकांनी काय केलं तर जिवंतपणी त्याची प्रेतयात्रा काढली! दुकानवाले काका लई भारी, उभ्या उभ्या दहा पानं वाचली तरी हटकलं नाही, उलट स्टूल सरकवलं. १२० सांगितले, ९० ला दिलं. धूळ मात्र बेक्कार, आणि यूपीआय नाही, सुट्टे घेऊन जावा.

गाईड घेऊन घरी आलो तर पोरगा म्हणतोय मला एमपीएससी द्यायचीच नाही, हॉटेल काढायचंय. आता काय बोलणार, पिशवीत आगरकर.