मानेची काळजी उशिरा घेतलेले आसन : एफ-३५ चे यूएस१६ई

मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीचे यूएस१६ई हे इजेक्शन आसन (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारे आसन) एफ-३५ लढाऊ विमानाच्या तिन्ही प्रकारांत बसवले जाते. गुडघ्यांमधले पिवळे-काळे कडे ओढले की पुढचे सारे आसन स्वतःच पार पाडते. उभ्या उतरणाऱ्या एफ-३५बी मध्ये तर विमान हवेत तोलून धरणारा पंखा बंद पडल्यास वैमानिकाला विचार करायलाही वेळ उरत नसल्याने आसन आपणहून उडते, आणि ही सोय मला या विमानातली सर्वांत शहाणी वाटते.

मात्र २०१५ मध्ये चाचण्यांत असे दिसले की, कमी वेगात बाहेर पडलेल्या हलक्या वैमानिकाच्या मानेला पॅराशूट उघडतानाच्या हिसक्याने गंभीर इजा होऊ शकते, आणि म्हणून सुमारे ६२ किलोंपेक्षा कमी वजनाच्या वैमानिकांना अमेरिकी हवाई दलाने या विमानापासून दूर ठेवले. त्यावर तीन उपाय झाले : हेल्मेट सुमारे २.३ किलोवरून २.१ किलोवर आणले, पॅराशूटच्या पट्ट्यांमध्ये डोके मागे फेकले जाऊ नये म्हणून कापडी आधार शिवला, आणि हलक्या व्यक्तीसाठी मुख्य पॅराशूट क्षणभर उशिरा उघडणारी कळ दिली. २०१७ मध्ये निर्बंध उठला.

यातला कापडी आधार मला सर्वांत आवडला. कळ मात्र योग्य जागी ठेवण्याचे भान माणसालाच ठेवावे लागते, ही उणीव आहेच.