ॲपचे गुण की आरोग्य केंद्राचा केसपेपर?

गोव्यात साखळी गावात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला महिनाभर धड झोप नाही. कुठल्याशा ॲपने नऊ प्रश्न विचारून 27 पैकी 14 गुण दिले, 'मध्यम नैराश्य'. आता यावर थांबू की आरोग्य केंद्रात डॉक्टरकडे जाऊ, हा तिचा प्रश्न.

खर्च दोन्हीकडे किरकोळ. वेळेत ॲप सरळ जिंकतं; केंद्रात अर्धी सकाळ बाकावर जाते.

अचूकपणाचं मात्र बघा. ॲपमधले ते नऊ प्रश्न म्हणजे पीएचक्यू-9 ही नैराश्याची प्रश्नावली; ती चाळणी आहे, निदान नव्हे. त्यात पहिल्या प्रश्नाचं मराठी 'कामात थोडी आवड' असं केलेलं. बाई म्हणाली, थोडी आहे की! आणि 'जवळजवळ रोज'वर टिचकी मारली. तीन गुण फुकट वाढले. समोर माणूस असता तर लगेच विचारलं असतं, "म्हणजे आवड कमी झालीय का?" शिवाय असा त्रास थायरॉइडमुळेही असू शकतो; त्याची रक्ततपासणी ॲप कुठून करणार?

गुप्ततेत दोघांनाही पैकीच्या पैकी नाहीत. केंद्रात ओळखीचं कोणी भेटणारच, गोवा केवढासा! पण ते दिसतं तरी. ॲपमधली उत्तरं कुठे जातात ते दिसत नाही, आणि 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळा वर्गही नाही.

दोन-चार दिवसांची कुरकुर नोंदवायची, डॉक्टरला काय सांगायचं ते जुळवायचं, तर ॲप चालेल. नाव-नंबर न देता. दोन आठवड्यांवर गेलं असेल तर केंद्रच. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर दोन्ही सोडून आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन. मावसबहिणीला मी उद्या स्कूटरवर घालून केंद्रात नेतेय.