निबंधाच्या आखणीसाठी स्टिकी नोट्स : ३×३ चाच पॅड का?

निबंधाचा कच्चा खर्डा लिहिण्याआधी मुद्दे जुळवायला वर्गात स्टिकी नोट्स वापरणार असाल, तर ३×३ इंचीच घ्या. त्याहून लहान चिठ्ठीवर मुलं एखादा शब्द लिहून मोकळी होतात, ३×५ वर अख्खा परिच्छेद पाडतात. ३×३ वर एक वाक्य बसतं, आणि आपल्याला वाक्यच हवं असतं. ‘पाणी’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी दहा मिनिटांनी लिहिणाऱ्यालाही कळत नाही. ‘टँकर आला की हातातलं काम टाकून धावावं लागतं’ यातून मात्र परिच्छेद निघतो.

मुद्दे सुचण्यासाठी या नोट्स कुचकामी आहेत. कोरी रंगीत चिठ्ठी दिसली की मुलं अक्षर सांभाळत बसतात. म्हणून आधी पाच मिनिटं रफ वहीत न थांबता, न खोडता लिहून घ्यावं, कामाची वाक्यं अधोरेखित करावीत आणि तेवढीच चिठ्ठ्यांवर उतरवावीत. एकाला दहा-बारा पुरतात, म्हणजे १०० चा पॅड आठेक मुलांना.

पैसे वसूल होतात ते क्रम लावताना. मोडक्या छत्रीचं आत्मकथन दिलं की बहुतेक वह्यांत कारखाना, दुकान, पहिला पाऊस, मग अडगळ अशी वरात निघते. वहीतला क्रम बदलायचा तर सगळं पुन्हा लिहावं लागतं, म्हणून कुणी बदलत नाही. इथे ‘काडी मोडली आणि मला दारामागे टाकलं’ ही शेवटची चिठ्ठी उचलून पहिली लावली की झालं. क्रम ठरल्यावर दोन-तीन चिठ्ठ्या बाहेर काढायला सांगाच. मुलांना ते जिवावर येतं. वहीच्या मागच्या पानावर चिकटवू दिलं तर कुरकूर कमी होते.

चिकटपणाबद्दल थोडं. चिठ्ठीमागच्या पट्टीवरच्या गोंदाला धूळ बसली की तो धरत नाही, त्यामुळे खडूच्या फळ्यावर या नोट्स टिकतच नाहीत. चिठ्ठ्या बाकावर लावाव्यात, बाक आधी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावा. चिठ्ठी खालून वर ओढली तर तिची गुंडाळी होते, मग पंख्याखाली ती उडालीच समजा, बाजूने सोलावी. बॉलपेन वापरावं, स्केचपेन खालच्या चिठ्ठीवर उमटतं. घाऊक खरेदीआधी एकच चिठ्ठी वहीच्या पुठ्ठ्यावर पाच वेळा लावून-काढून पाहा. स्वस्तातले काही पॅड तिसऱ्यांदाच मान टाकतात.

पाच रंगांचा पॅड टाळा, रंग निवडण्यातच तासिका जाते. मुद्द्यांना एक आणि परिच्छेदाच्या शीर्षकाला दुसरा, बस. बजेट नसेल तर पाठकोरा ए-फोर कागद तीनदा दुमडून आठ तुकडे करावेत. पंखा बंद ठेवला तर क्रम लावण्याचं काम तेवढंच चांगलं होतं.

परीक्षेत चिठ्ठ्या नसतात. त्यामुळे सहामाहीनंतर नोट्स बंद करून कच्च्या पानावर मुद्दे लिहायचे आणि समासात आकडे घालून क्रम लावायचा, ही सवय लावावी.