गाठीची तपासणी की रक्ताची? मेंदूच्या ट्यूमरनंतर आधी कोणती जनुकीय चाचणी करावी

ऑपरेशन होऊन गाठ निघते, आणि डॉक्टर सांगतात, "जनुकीय तपासणी करून घ्या." घरच्यांच्या पोटात गोळा येतो तो तिथेच. म्हणजे हे आमच्या घराण्यात आहे का? मुलांचंही रक्त तपासायचं का? खरं तर 'जनुकीय तपासणी' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या चाचण्या येतात. एक काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर होते, दुसरी रक्तावर. दोन्हींचे प्रश्न वेगळे आणि उत्तरंही वेगळी.

मेंदूच्या गाठीच्या मुळाशी जनुकांतला बिघाड असतो, हे खरं. पण बहुतेकांच्या बाबतीत तो जन्मानंतर एखाद्या पेशीत झालेला असतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडेही जात नाही. जन्मतःच अंगातल्या सगळ्या पेशींत बिघाड घेऊन आलेले रुग्ण थोडे, साधारण शंभरात पाच.

गाठीची तपासणी: इलाज इथून ठरतो

माझ्या मते ही चाचणी ऐच्छिक समजूच नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणात ग्लायोमाचं, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या गाठीचं, नावच जनुकांवरून ठरतं. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींपैकी एकीचा रुग्ण अनेक वर्षं काढतो आणि दुसरीचा वर्ष-दीड वर्षात हातचा जातो, हे डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्या फरकाचं मोठं कारण आयडीएच नावाच्या जनुकात सापडलं.

ते कसं पाहतात? मेणात बसवलेल्या तुकड्याचा अगदी पातळ काप काचेवर घेतात आणि बिघडलेल्या आयडीएच-1 प्रथिनालाच चिकटणारं रसायन त्यावर सोडतात. बिघाड असलेल्या पेशी तपकिरी होतात, बाकीच्या फिक्या निळ्या राहतात. निरोगी मेंदूत एकटीदुकटी शिरलेली गाठीची पेशीही अशी उठून दिसते. मात्र हा रंग आयडीएचचे सगळे बिघाड पकडत नाही, दहातले साधारण नऊच पकडतो. म्हणून रुग्ण तरुण असेल आणि रिपोर्टमध्ये 'निगेटिव्ह' आलं असेल, तर तिथे थांबू नका. जनुकाचा क्रम वाचणारी पुढची चाचणी झाली का, हे विचारा.

आयडीएचमध्ये बिघाड आहे आणि पहिल्या व एकोणिसाव्या गुणसूत्राचा ठरावीक भागही गळालेला आहे, तर ती ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, ग्लायोमाचाच एक प्रकार. ही गाठ उपचारांना चांगली दाद देते. उलट, प्रौढ माणसाची गाठ दिसायला सौम्य, पण आयडीएच शाबूत आणि टर्ट किंवा ईजीएफआर या जनुकांत ठरावीक बदल सापडले, तर तिला ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड 4 (सर्वांत आक्रमक दर्जा) म्हणतात. रिपोर्टमधली ही एक ओळ उपचारांची सगळी दिशा बदलते. एमजीएमटी या जनुकाची तपासणीही याच तुकड्यावर होते. तो जनुक 'बंद' असेल, तर टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाचा फायदा जास्त होण्याची शक्यता असते.

आता तर काही औषधं थेट बिघाडावरच बेतलेली आहेत. आयडीएचमध्ये बिघाड असलेल्या ग्रेड 2 च्या ग्लायोमासाठी व्होरासिडेनिबला अमेरिकेत 2024 मध्ये मान्यता मिळाली. लहान मुलांच्या सौम्य ग्लायोमात बीआरएफ जनुकाचा ठरावीक बिघाड असेल, तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही जोडी 2023 पासून मान्य आहे. तुकडा तपासलाच नाही, तर या औषधांचा विषयही निघत नाही.

या चाचणीची अडचण म्हणजे तुकडा हवा. सुईने घेतलेला नमुना कधीकधी अपुरा पडतो. पण मेणातला ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो, त्यामुळे जुन्या ऑपरेशनचा ब्लॉक आजही तपासता येतो.

रक्ताची तपासणी: घराण्याचा प्रश्न

ही सगळ्यांना लागत नाही, पण ज्यांना लागते त्यांच्यासाठी फार मोलाची आहे. काही खुणा तर घरीही दिसतात. मुलाच्या अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग आणि काखेत बारीक ठिपके असतील, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस 1 चा, म्हणजे नसांवर गाठी होणाऱ्या जन्मजात आजाराचा, विचार करावाच लागतो. ऐकण्याच्या नसेवर दोन्ही बाजूंना गाठी असतील, तर एनएफ-2 जनुकाचा. लहान मेंदूतल्या हिमँजिओब्लास्टोमाबरोबर (रक्तवाहिन्यांच्या गाठीबरोबर) डोळ्याच्या पडद्यावर किंवा मूत्रपिंडातही गाठ असेल, तर व्हीएचएल जनुकाचा. नात्यात तरुणपणी झालेले कर्करोग बरेच असतील, तर टीपी-53 जनुकाचा. 'घरात कुणालाच नव्हतं' म्हणून चाचणी टाळू नये. न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या जवळपास निम्म्या रुग्णांत बिघाड त्यांच्यापासूनच सुरू झालेला असतो. पुढे मात्र प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी.

मुलाला मेड्युलोब्लास्टोमा (लहान मेंदूतला कर्करोग) असेल, तर रक्ताचा प्रश्न रेडिएशनच्या आधीच डॉक्टरांसमोर मांडा. टीपी-53 किंवा पीटीसीएच-1 या जनुकाचा जन्मजात बिघाड असेल, तर रेडिएशनमुळे पुढे नवे कर्करोग होण्याचा धोका वाढतो आणि उपचारांची आखणी बदलू शकते.

या चाचणीचा त्रास वेगळा. कधी रिपोर्टमध्ये 'अर्थ अनिश्चित' असा बदल येतो आणि अख्खं घर अधांतरी राहतं. म्हणून रक्त देण्याआधी जनुकीय समुपदेशकाशी बोलून घ्यावं.

मग आधी कोणती?

आधी तुकडा. वर सांगितलेल्या खुणांपैकी काही असेल, तर सोबतच रक्त. एक घोळ मात्र टाळा. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये टीपी-53 दिसलं म्हणून भावंडांना घाबरवू नका. ॲस्ट्रोसायटोमात (ग्लायोमाच्या आणखी एका प्रकारात) हा बिघाड बऱ्याचदा सापडतो आणि बहुतेक वेळा तो गाठीपुरताच असतो. तो जन्मजात आहे का, हे रक्तच सांगेल. उलटंही घडतं. एनएफ-2 चा बिघाड शरीराच्या काही पेशींतच असेल, तर रक्त 'निगेटिव्ह' येतं. मग दोन वेगवेगळ्या गाठींचे तुकडे तपासून दोन्हींत तोच बिघाड आहे का, ते पाहावं लागतं. त्यासाठी ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये, कुठल्या नंबरखाली आहे, ते आजच फाइलवर लिहून ठेवा.